टँकरवरचं माझं नाव

२४ ऑक्टोबर १९७२, दहिवडी

आज दुपारी साळूनं माझ्यापुढं तांब्या धरला आणि सगळं बदललं.

त्याआधी मी कोण होतो? दुष्काळानं तिचं साताऱ्याचं कॉलेज सुटलं म्हणून आपलंही सोडून देणारा एक वेडा! आज पलूसहून एस.टी.नं निव्वळ तिला बघायला आलो. ती रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडत होती. हात बघवेनात. काही बोलायच्या आधी तिनं पाणी दिलं. तोंडाला लावलं — मळीचा वास! साखर कारखान्याची मळी. हा वास मला चुकायचा नाही, वडलांचा, आबांचा टँकर वर्षानुवर्षं तीच वाहतोय.

साळूनं नुसतं बोट दाखवलं. ढिगापलीकडं टँकर उभा. कपाळावर लाल रंगात ‘मानसिंग’. ह्या दसऱ्याला आबांनी नवा रंग दिला, माझं नाव घातलं, नारळ मीच फोडला!

“तुझ्या नावाचं पाणी पितोय आमी,” ती म्हणाली. “धाकटा भाऊ कालपास्नं उलट्या करतोय. पी की. थांबलास का?”

प्यालो. सगळा तांब्या.

२५ ऑक्टोबर, पलूस

आबांना विचारलं, टँकर धुतला का नाही? म्हणाले, धुवायला पाणी कुठाय? आणि हसले वर! आईचा भाऊ मुंबईत मंत्री, त्यांचं नाव सांगून आबांनी माण तालुक्यातलं पाण्याचं काम मिळवलेलं. मंत्र्याच्या दाजीचा टँकर कोण हुंगत बसतंय, म्हणे.

२९ ऑक्टोबर

मळीच्या पाण्याचा पेपरात बोभाटा झाला. मामांचा खुलासाही आलाय — माझ्या नात्यातल्या कुणाचाही टँकर तिकडं नाही. मामा खोटं बोलायचे नाहीत. आबांनीच अंधारात ठेवलं असणार! भाऊबीजेला येतील, तेव्हा सांगतो.

२ नोव्हेंबर

आकाराम आमचा ड्रायव्हर. त्याच्याबरोबर साळूचा निरोप आला. टँकर धुऊन येणार असेल तर त्यात बसून ये, न्हाईतर येऊ नको. आकाराम मिशीत हसला — “धाकलं मालक, आता घासणी घ्या हातात.”

तिनं ‘ये’ म्हटलंय!

भाऊबीज

मामांना अंगणातच गाठलं, सगळं सांगितलं. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. चेहरा पडला. दाजींनी मला चार लोकांत उघडं पाडलं, म्हणाले. आजच काम काढून घेतो. मला वाटलं, जिंकलो!

मग पाटावर बसले. आईनं ओवाळलं. मामांनी तबकात साडी ठेवली. आईनं ती उचलून बाजूला केली.

“साडी नगं, भाऊ. ह्यांचं काम तेवढं ऱ्हाऊ दे.”

निरांजन हातात, आई जागची हलेना. बहिणीचं तबक रिकामं ठेवून पाटावरनं उठता येत नाही. मामांनी माझ्याकडं पाहिलं, मग खाली. आणि मान डोलावली! अख्ख्या राज्याला नाही म्हणणारा माणूस! कपाळावरच्या अक्षता अजून ओल्या होत्या.

जेवताना उरलेलं ठरलं. मालकाला न विचारता आकारामनंच मळीच्या टँकरात पाणी भरलं, असं सांगायचं. आई वाढत होती, आग्रह करत होती. थू! असल्या ओवाळणीवर!

दुसऱ्या दिवशी

सकाळी आकारामला चौकीवर नेलं. मी म्हणालो, दहिवडीला मामलेदारापुढं जाऊन खरं सांगतो. टँकर आमचा, काम मामांच्या नावावर मिळालं, धुतला नाही तो आमीच.

आबा दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, “जा की. नाव नुसतं कपाळावर न्हाई, कागदावर बी टँकर तुझाच हाय. बेडी तुलाच पडंल.”

तरीच कॉलेज सोडलं तेव्हा सांगलीला नेऊन सह्या घेतल्या! मी साळूच्या विचारात, बघितलंसुद्धा नाही कशावर.

आई उंबऱ्यात आडवी आली. पाया पडलो तिच्या. मग बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.

दहिवडीच्या एस.टी.त लिहितोय. टँकर माझाच आहे ना — मग सांगायला कुणाला विचारू?