पादुका परत

प्रिय दादा,

'प्रिय' सवयीने लिहिलंय, त्यावरून हुरळून जाऊ नकोस. सकाळपासून दोन कागद फाडून झाले. पहिल्यात नुसत्या शिव्याच झाल्या होत्या आणि दुसऱ्यात मी तुझ्या तब्येतीची चौकशी करत बसले होते, म्हणजे तो पहिल्याहून वाईट. फोनवरच बोलले असते, पण तू तो उचलत नाहीस, आणि चुकून उचललासच तर 'बरंय सगळं, तुमचं कसं चाललंय' एवढं बोलून वहिनीच्या हातात देतोस. कागद असा दुसऱ्याच्या हातात देता येत नाही. तेव्हा आता बस आणि वाच.

आपल्या महोत्सवाचं सांगते. तुला काहीच माहीत नाही असं धरून पहिल्यापासून सांगते, कुठे चुकलं तर तू सांगशीलच. या वर्षी संयोजकबाईंच्या डोक्यात पुराणं शिरली होती. विषय ठरला 'वनवास'. एका त्रिकुटाला सीता मिळाली, बासरीवाल्यांना पांडव मिळाले, आणि आपल्या चार तंतुवाद्यांच्या चांडाळचौकडीचं काय करावं असा बाईंना प्रश्न पडलेला असताना आपल्या व्हायोलावाल्या डेंटिस्टांनी तोंड उघडलं. दिवसभर दुसऱ्यांना तोंड उघडायला लावणाऱ्या माणसाने संध्याकाळी तरी स्वतःचं मिटून ठेवावं की नाही? पण नाही. त्यांनी बाईंना तुझ्या बुटांची गोष्ट सांगितली.

तुझे कार्यक्रमाचे काळे बूट आपल्या तालमीच्या जागी, डेंटिस्टांच्या दवाखान्यातच राहिले होते, आठवतंय ना? 'हात जरा दुखतोय, थोडी विश्रांती घेतो, माझी खुर्ची सांभाळ' असं मला सांगून तू गेलास, आणि बूट तिथेच, जबड्यांचे प्लास्टरचे साचे ठेवतात त्या कपाटात. पेशंट गेले की तालमीसाठी आम्ही तिथल्या बाकांवरच्या जुन्या मासिकांचे गठ्ठे हलवायचो, स्टँड मांडायचो, आणि डेंटिस्ट न चुकता कपाट उघडून त्या बुटांवरून फडकं फिरवायचे. 'पादुका झाल्या पुसून, भरता, आता कर सुरुवात.' भरत म्हणजे मी. रामाच्या पादुका सिंहासनावर ठेवून स्वतः खाली बसणारा तो भरत. पहिल्यांदा मीही हसले होते. मग पाहुणे येत गेले, तुझ्या जागेवर बसून पहिलं व्हायोलिन वाजवून जात राहिले, आणि मी दुसऱ्या व्हायोलिनवरून तसूभरही हलले नाही. चेलोवाल्या बाईंनी एकदा सरळ विचारलं, अगदी गणित शिकवताना विचारायच्या तशा स्वरात, की अगं तूच का बसत नाहीस तिथे? मी म्हटलं, दादाची खुर्ची आहे. त्यांनी चेलोच्या गजाला राळ घासायला घेतली आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

तर संयोजकबाईंना ती गोष्ट इतकी आवडली, की त्यांनी एका संगीतकाराकडून आपल्यासाठी नवीन रचना लिहूनच घेतली. भरत नंदिग्रामात वाट बघत बसलाय, अशी. आणि मंचावर एका चौरंगावर खरेखुरे बूट ठेवायचे, त्यांच्यावर प्रकाशझोत सोडायचा, हेही ठरवून टाकलं. मी भांडले. घरातली थट्टा अशी लोकांसमोर मांडतात का, म्हटलं. पण संयोजकबाई धरून तिघं एका बाजूला आणि मी एका बाजूला. शिवाय मनात आलं, ज्याचे बूट आहेत तो कुठे बघायला येणार आहे!

ऐन वेळी पाहुण्यांना दुसरीकडचं मोठं आमंत्रण आलं आणि त्यांनी हात वर केले. तेव्हा मात्र मला पळवाट राहिली नाही. माझ्या शाळेतल्या संगीताच्या दुसऱ्या बाई माझ्या जागी आल्या, बिचाऱ्यांनी परीक्षेचे पेपर बाजूला ठेवून तयारी केली, आणि मी तुझ्या खुर्चीत बसले. दादा, ती खुर्ची उंच नाही की रुंद नाही, पण तिथे बसलं की समोर कुणीच नसतं. इतकी वर्षं माझ्या डोळ्यांच्या कोपऱ्यात तुझं कोपर असायचं. ती रचना सुरूही अशी होते की चौघांनी एकदम, काहीही नसताना, अगदी हळू उतरायचं. हातवारे करून चालत नाही. पहिल्या व्हायोलिनने श्वास घ्यायचा आणि त्या श्वासावर बाकीच्यांनी यायचं, बस. तालमीत मला तो श्वास जमेना. माझा श्वास ऐकूच येत नाही, असं सगळे म्हणायचे. येईल कसा? लहानपणी तूच मला पाठीला पाठ लावून बसवायचास. बघायचं नाही, ऐकायचं, मी नाकाने सूं केलं की ये. मी आयुष्यभर तेच केलं. तुझ्या सर्दीतला सूं आणि तुझ्या रागातला सूं मला वेगळा ओळखता येतो.

पुढचं तुला ठाऊक आहे. तरी सांगणार, कारण तू ते खाली बसून ऐकलंस आणि मी वर बसून. मागे पुठ्ठ्याची झाडं, डाव्या हाताला उजेडात तुझे बूट, समोर अंधार. सभागृह एवढं शांत की डेंटिस्टांच्या पोटातली गुरगुर मला ऐकू येत होती. मी गज तारेवर टेकवला, तिघांकडे पाहिलं, मनात मोजून घेतलं, आणि मी श्वास घेणार तेवढ्यात अंधारातून सूं आलं.

आणि ते दोघं वाजायला लागले! व्हायोला आणि चेलो, माझ्याकडे बघत बसलेले दोघं, माझ्या आधी, तुझ्या श्वासावर! शाळेतल्या बाईंनी घाबरून अर्धाच सूर लावला, मी तर लावलाच नाही, आणि नंदिग्राम जे कोसळलं ते काय सांगू. थांबावं लागलं. लोक खाकरले. पहिल्या रांगेत संयोजकबाईंनी डोळे मिटून घेतले. डेंटिस्टांचे कान लालबुंद. चेलोवाल्या बाई, ज्यांची उभ्या आयुष्यात एक मात्रा चुकली नाही, त्या माझ्याकडे बघायचं सोडून अंधारात बघत होत्या. नंतर आत आल्यावर मला एवढंच म्हणाल्या, 'मला वाटलं तो आला.' बरोबरच वाटलं होतं.

माझी पहिली सुरुवात होती ती. तू ती खाल्लीस. मुद्दाम नाही केलंस हे मला कळतं. गज टेकलेले दिसले की तुझं नाक आपोआप चालतं, तुझा त्यात दोष नाही. पण म्हणून माझा राग जात नाही. मी त्या क्षणी एवढी चिडले की व्हायोलिन परत खांद्याला लावलं आणि असा श्वास ओढला, असा ओढला, की मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. आणि चौघं एकदम उतरलो. त्यानंतर काय वाजवलं ते मला नीट आठवत नाही, फक्त शेवटपर्यंत मी तुझ्यावर ओरडत होते एवढं आठवतं. लोक उभे राहिले. दिवे लागल्यावर मी आधी तुला शोधलं. मधल्या वाटेच्या कडेची एक खुर्ची रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी वहिनीचा फोन आला. तू घरी येऊन जेवला नाहीस, म्हणाली. तू पळाला नव्हतास, दाराबाहेर उभं राहून शेवटपर्यंत ऐकलंस, हेही तिनेच सांगितलं. दाराबाहेर! आपल्या बहिणीचं वाजवणं माणूस चोरासारखं दाराआडून ऐकतो? आणि मग ती रडायला लागली आणि तिच्या तोंडून ते निघालं. तुझी करंगळी वाकते ती आता सरळ होणार नाही, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. पहिल्याच! म्हणजे तू माझ्यासमोर उभा राहून 'खुर्ची सांभाळ' म्हणालास तेव्हा तुला माहीत होतं. डेंटिस्ट फडकं फिरवत होते तेव्हा तुला माहीत होतं. मी प्रत्येक पाहुण्याला 'थोड्या दिवसांचंच आहे हं' म्हणून सांगत होते तेव्हाही. अरे, रामाने निदान चौदा वर्षं असं सांगितलं तरी होतं. भरताला दिवस मोजता आले. तू मला काय मोजायला दिलंस?

मला सांगायला हवं होतंस रे. मी रडले असते, तुझ्या त्या करंगळीला शिव्या दिल्या असत्या, आणि मग आपण दोघं मिळून काहीतरी ठरवलं असतं. खुर्चीवर दुसरं कुणी बसलं की तू संपलास, असं तुला वाटलं असणार. तेही कळतं मला. पण तुझं दुःख तू माझ्या खुर्चीखाली लपवून गेलास, आणि मी त्यावर पहारा देत बसले, कशाचा पहारा देतेय हे न कळता. हे मी तुला इतक्यात माफ करणार नाही. प्रयत्नही करू नकोस.

वहिनीला सांगितलंय, पार्सल आलं की तूच सोडायचंस. तुझे बूट आहेत. पुसलेले नाहीत, मंचावरची धूळ तशीच ठेवलीय. पादुका परत करतेय, दादा, खुर्ची नाही. खुर्ची आता माझी आहे. पुढच्या महिन्यात आम्ही तेच पुन्हा वाजवतोय, चौरंग नाही, झाडं नाहीत, नुसत्या चार खुर्च्या. हे बूट घालून ये. दाराआड नाही, पहिल्या रांगेत, माझ्या अगदी समोर बसायचं, तिकीट वहिनीकडे पाठवलंय. आणि मी गज टेकवला की नाक बंद ठेवायचं. श्वास मी घेईन. तू माझ्यानंतर घे.

तुझीच, पण यापुढे भरत नसलेली,
धाकटी