किगालीला जाताना पिशवी नको

१२ ऑगस्ट २०२१, आइंडहोवन

मला पाठवतायत! किगालीला! सहा महिने!

हॉस्पिटलच्या पेशंट-नोंदणीचं आमचं सॉफ्टवेअर तिथे बसवायचं आणि नर्सेसना शिकवायचं. कोविडच्या भीतीने टीममधले दोघं नको म्हणाले, म्हणून माझा नंबर लागला. लागेना का! पुणं सोडलं ते गुरुनाथच्या नोकरीसाठी, इथे आले तीही त्याच्याच. माझ्या कामासाठी कुणी मला कुठे धाडेल असं कधी डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

गुरुनाथ म्हणाला, विचार करू. म्हणजे नाही. नवऱ्याची भाषा एवढी तरी कळते मला.

१५ ऑगस्ट

गुरुनाथने एनस्खेडेच्या दत्ताला – त्याचा मावसभाऊ – झूमवर बसवलं. का, तर दत्ता आफ्रिकेचा जाणकार. म्हणजे एका कॉन्फरन्ससाठी चार दिवस नैरोबीच्या हॉटेलात राहिलाय! पाणी उकळून पी, फळं सोलून खा, अंधार पडल्यावर बाहेर पडू नको… मी म्हटलं, अरे, नैरोबी केनियात, किगाली रवांडात. तर म्हणे, तेच ते, वहिनी. तेच ते! ह्याला कुणी बांगलादेशी म्हटलं की कसा उसळतो, ते पाहिलंय मी.

आमची अमृता सोळा वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर डचमध्ये. तिने एकच सांगितलं – "खवोन खान, मामा." सरळ जा, आई. ऐकणाऱ्याला वाटेल खोकली पोरगी! हल्लीच्या दिवसांत शेजारी पळतील.

२ सप्टेंबर

मिळाली परवानगी. "सहा महिने. वर एक दिवस नाही," इति गुरुनाथ. मी आनंदाने मान डोलावली. मग भांडी घासताना स्वतःचाच राग आला. चव्वेचाळीस वर्षांची बाई मी, आणि ‘मिळाली’ कसली?

११ सप्टेंबर

घोटाळा! किगालीच्या ऑफिसातली क्लॉडीन कॉलवर सहज म्हणाली, प्लास्टिकच्या पिशव्या आणू नकोस हं, बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात.

आता आपलं सामान म्हणजे काय? पिशवीत पिशवी, त्या पिशवीत पिशवी! गोडा मसाला दोन पिशव्यांत, मेतकूट तीन, लोणच्याची बरणी तर पाच पिशव्या गुंडाळून, वर रबरबँड. चपलासुद्धा पिशवीत. सगळी बॅग उपसली. मसाले डब्यांत, चपला गुरुनाथच्या जुन्या सदऱ्यात. सदरा कुठे गेला म्हणून तो विचारेल तेव्हा मी ढगांत असेन.

२१ सप्टेंबर, किगाली

आले. उतरल्यावर पुन्हा नाकात काडी, रिपोर्ट येईपर्यंत हॉटेलच्या खोलीत कोंडलेली. मग घर. सगळं शहर टेकड्यांवर! हॉलंडच्या सपाटीवर सायकल मारलेले माझे पाय पहिल्याच चढावर संपावर गेले. इथे मोटरसायकलच्या टॅक्सीवर बसतात. तिला म्हणायचं ‘मोटो’, हेल्मेट घालायचं आणि उतारावर डोळे मिटायचे.

दत्ताला कळवायला हवं: अंधार पडल्यावर फिरून आले. कर्फ्यू लागायच्या आत.

९ ऑक्टोबर

अब्रू गेली.

मागच्या अंगणात अवोकाडोचं झाड. घरमालकीण सेराफीन, सत्तरीची, तिला फक्त तिची भाषा येते. मी झाडाकडे बोट दाखवून खुणेने विचारलं, काढू? ती म्हणाली, "ओया, ओया." आता हॉलंडात ‘ओ या’ म्हणजे हो हो, खुशाल! आणि मराठीत तर ‘ओ, या!’ म्हणजे साग्रसंगीत आमंत्रणच. मी ओचाभर तोडले. सगळे कच्चे. बाई कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

क्लॉडीनला फोन केला. ती हसून हसून बेजार. ओया म्हणजे नाही! मग हो म्हणजे काय गं? तर म्हणे, येगो.

येगो! गुहागरच्या आमच्या घरात आई मला तसंच बोलवायची – ये गो, जेवायला ये गो. मे महिन्यात ती कोविडने गेली. विमानं बंद होती. मी फोनवर बघितलं सगळं.

माफी मागायला खाली गेले. आत येऊ का, खुणेने विचारलं. सेराफीन म्हणाली, "येगो." मी तिच्या दारातच रडले. तिला वाटलं असेल अवोकाडोपायी.

१४ नोव्हेंबर

लोणचं सेराफीनला भयंकर आवडलंय. बरणीचा तळ दिसायला लागला.

८ जानेवारी २०२२

घरी फोन. गुरुनाथला आता कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात. सदऱ्याबद्दल विचारलंन शेवटी. परत कधी येतेस, हे मात्र प्रत्येक फोनला विचारतो. आज मला त्याची खूप आठवण आली. आणि तरी परत जायचा विचार नकोसा वाटतो. दोन्ही खरं आहे.

नर्सेस आता मलाच चुका दाखवतात. छान वाटतं.

२३ फेब्रुवारी

ऑफिसने विचारलं, अजून तीन जिल्ह्यांत काम करायचंय, दोन वर्षं राहशील? विचार करून सांगते, असं म्हणायला तोंड उघडलं. हो म्हणून बसले!

२४ फेब्रुवारी

गुरुनाथला सांगितलं. विचारलं नाही – सांगितलं. त्याने आधी कुकरच्या शिट्ट्या पुऱ्या होऊ दिल्या. मग म्हणाला, "बघ ना जरा, मला तिकडे डिपेंडंट व्हिसा मिळतो का."