मलप्पाची माती

१८ नोव्हेंबर, सोमवार

सांगून मोकळी झाले. सांगायला नको होतं.

निलंग्याला शिवम्मा आज्जींच्या ओसरीवर बसून, त्यांनीच केलेला चहा पीत सांगितलं – तुमच्या वडिलांना तिकडं इटलीत दहन दिलं असणार. काल लष्कराच्या जुन्या यादीत नाव सापडलं होतं ना! मलप्पा, राहणार निलंगा, खेचरांची तुकडी, धर्म हिंदू, मृत्यू ऑक्टोबर १९४४. तिकडं मेलेल्या हिंदू सैनिकांना जाळलं, त्यांची नावं एका भिंतीवर कोरली, हे मला ठाऊक. दोन नि दोन चार केले. वर म्हणाले, त्या भिंतीचा फोटो आणून देते आज्जी.

आज्जी एवढंच म्हणाल्या – "जाळलं व्हय." आणि कप उचलून आत गेल्या. एक्क्याऐंशी वर्षांची बाई. वडील लढाईवर गेले तेव्हा पोटात होती. त्यांनी बापाला बघितलेलं नाही, बापानं यांना नाही.

एस्टीत बसले तेव्हा स्वतःवर खूश होते. आमच्या गटात इतक्या लवकर नाव कुणीच काढलं नव्हतं. मुखेड येईपर्यंत खुशी उतरली. ते "जाळलं व्हय" कानातून जाईना.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

तनुजा मॅडमनी झापलं. हा गट त्यांचाच – विष्णुपुरीच्या कॉलेजातून रिटायर झाल्यावर काढलेला. आम्ही आठ जण. इकडच्या जुन्या छावण्यांत गोऱ्या शिपायांच्या कबरी आहेत. काटेरी झुडपं तोडायची, दगड धुवायचा, फोटो काढायचा, त्यांच्या पणतवंडांना पाठवायचा. तिकडचे लोक आपली माणसं शोधून देतात. नियम एकच: दगडावरचं नाव फोटोत वाचल्याशिवाय घरच्यांना काही सांगायचं नाही.

"एकच नियम आहे उजमा. तोही तुला जड झाला?"

उचलली जीभ, लावली टाळ्याला.

२ डिसेंबर, सोमवार

दुकानात पासपोर्ट फोटोची रांग होती आणि शिवकुमारचा फोन आला. हा आज्जींचा नातू, निलंग्यात बी-बियाणांचं दुकान. आमच्याकडं विनंती त्यानंच केली होती. "ताई, तुम्ही येऊन गेल्यापासून आज्जी समाधीला गेली न्हाई. आज दुसरा सोमवार."

समाधी म्हणजे आज्जींच्या आईची, गंगम्माची. त्यांच्या शेतातच आहे. गेली चाळीसेक वर्षं दर सोमवारी आज्जी तिथं जाऊन विभूती लावतात, बेल वाहतात. ताप असो, पाऊस असो. गंगम्मा मरताना लेकीला म्हणाली होती – "मातीत असंल तर भेट व्हईल. माती समदीकडं एकच हाय."

शिवकुमार म्हणाला, आज्जी आता म्हणते, कोणत्या तोंडानं जाऊ? भेट झालीच नसंल तर आईला काय सांगू?

आज्जींचं घर लिंगायत, आणि लिंगायत लोक जाळत नाहीत, पुरतात. हे मला काल कळलेलं नाही. नांदेडात आमच्या कब्रस्तानाला लागून त्यांची जागा आहे. त्यांच्यात कुणी गेलं की शेवटचा फोटो काढायला मीच जाते, वर्षाला दहा-पंधरा तरी. आणि मीच त्या म्हातारीच्या ओसरीवर बसून सांगून आले की बापाला जाळलं! एका कपभर चहात नवरा-बायकोची ताटातूट करून आले.

पण कागदावर "हिंदू" एवढंच लिहिलंय. लिंगायत म्हणजे काय हे फौजेतल्या गोऱ्या कारकुनाला कोण समजावणार होतं? जाळलंच असेल. हेच तर वाईट आहे.

३ डिसेंबर, मंगळवार

ठरलं. जाळलं असेल तर जाळलं, पण आता अंदाज बास. भिंतीवरचं नाव वाचल्याशिवाय सोडायचं नाही. इटलीतल्या आमच्या लुचियाबाईंना मेल केला.

१४ डिसेंबर, शनिवार

लुचियाबाई म्हणजे आमच्या तिकडच्या मैत्रीण. सत्तरीच्या, पूर्वी नर्स होत्या. त्यांच्या घरापासून ती भिंत असलेलं लष्करी कब्रस्तान तासाभरावर आहे. थंडीत जाऊन त्यांनी भिंतीचे एकतीस फोटो काढले. एकही अक्षर धूसर नाही. मी लग्नाच्या स्टेजवरसुद्धा इतके स्वच्छ काढत नाही.

गिऱ्हाईक गेल्यावर शटर अर्धं ओढलं आणि बसले. कॉम्प्युटरच्या पडद्याला पट्टी लावून एकेक ओळ. तीनदा.

मलप्पा नाही.

१५ डिसेंबर, रविवार

चौथ्यांदा वाचलं. नाही.

२१ डिसेंबर, शनिवार

तनुजा मॅडम म्हणाल्या, अशी नावं सुटतात. लढाईत कागद जळतात, माणसं डोंगरात राहतात. शिवकुमारला स्पष्ट सांग आणि फाईल बंद कर.

नाही करणार. तोंडावर तसं म्हणाले नाही, पण नाही करणार. मॅडमनी पन्नास फाईली बंद केल्या असतील. त्यांनी कुणाच्या ओसरीवर बसून बाप जाळला नाही.

२९ डिसेंबर, रविवार

मागच्या गल्लीतल्या लक्ष्मम्मा गेल्या. किराणा दुकानवाल्यांच्या आई. फोटोला मला बोलावलं. नेहमीसारखं – मांडी घालून बसवलेलं, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात हार. बसलेल्या माणसाचा फोटो काढताना हात आपोआप "हनुवटी वर" म्हणायला जातो. इतक्या वर्षांत सवय गेली नाही.

घरी आले तर अम्मी भाजी निवडत होती. म्हणाली, जलीलभाई सकाळपासून खड्डा खणायला गेलाय. जलीलभाई आमच्या कब्रस्तानातला. आमच्या कबरी तोच खणतो आणि शेजारच्या लिंगायतांच्या समाध्याही तोच. आमच्यासाठी लांब, निजवायला; त्यांच्यासाठी खोल आणि चौकोनी, बसवायला. त्याला कुणी सांगावं लागत नाही. दारात कोण उभं आहे ते बघतो आणि त्या मापानं कुदळ मारतो.

मी अम्मीला मलप्पाचं सगळं सांगितलं. भिंतीवर नाव नाही, फौजेला काय माहीत, वगैरे. अम्मीनं मेथीची जुडी खाली ठेवली.

"अगे, फौज में अकेला गया था क्या उनो? इधर के बाजू के और लोगां नै रहे होंगे? एक जलील तो रहेगा ना, 'इनो को गाड़ते' बोलने को!"

काखेत कळसा आणि गावाला वळसा! एकतीस फोटो मी भिंतीचे मागवले. कबरींचा एकही नाही. हिंदूचं नाव कबरीवर कसं असेल, म्हणून तिकडं बघितलंच नाही. रोज कब्रस्तानाच्या ज्या भिंतीशेजारून जाते तिच्या पलीकडं हिंदूंच्याच समाध्या आहेत आणि मी म्हणे शोधणारी!

३० डिसेंबर, सोमवार

लुचियाबाईंना लिहिलं: कबरींच्या रांगा बघा. सगळ्या. मुसलमान सैनिकांच्या तर आधी.

या वेळी कुणाला एक शब्द सांगितलेला नाही. अम्मीलासुद्धा.

११ जानेवारी, शनिवार

उत्तर आलं. तिकडं बर्फ पडलाय, रस्ता बंद आहे, त्यांचा गुडघाही दुखतोय. "पण मी जाणार," असं लिहिलंय. मला ही बाई आवडते.

१३ जानेवारी, सोमवार

शिवकुमारला फोन केला. आज्जी आजही गेल्या नाहीत. संक्रांत तोंडावर आहे आणि घरात तिळाचं कूट पडून आहे, कुणी हात लावत नाही. मी म्हणाले, थोडं थांबा. तो म्हणाला, "थांबून राहिलोय ताई. आज्जी किती थांबंल ते सांगता यीना."

२ फेब्रुवारी, रविवार

सापडले.

शेवटची रांग, कडेकडून तिसरी कबर. मलप्पा. नंबर तोच, तुकडी तीच, तारीख तीच. पांढरा दगड, खाली रोपटं. लुचियाबाईंनी आधी बर्फ हातानं झाडला, मग फोटो काढला – झाडण्याआधीचाही पाठवलाय.

दगडाच्या माथ्यावर अरबी ओळ आहे. मला वाचता येते. हुवल गफूर. रांग मुसलमानांची, म्हणून दगड घडवणाऱ्यानं सगळ्यांना घातली ती यालाही घातली असणार.

सोबत कब्रस्तानाच्या जुन्या नोंदीचा कागद. लुचियाबाईंनी तिथल्या माणसाच्या मागे लागून काढला. इंग्रजीत, टाईप केलेला, तीन ओळी. मराठीत असा होतो: "हिंदू. दहन केले नाही. यांच्या जातीत पुरतात असे सोबती मुज्तबा, राहणार उदगीर, याने सांगून हट्ट धरल्यावरून दफन."

हट्ट धरल्यावरून. लढाईच्या धामधुमीत, परक्या मुलखात, उदगीरचा एक माणूस कुण्या साहेबापुढं उभा राहिला आणि हटला नाही. मी दुकानात एकटीच होते. रडले. लाजण्यासारखं काही नाही त्यात.

५ फेब्रुवारी, बुधवार

शिवकुमारला फोटो पाठवला. आनंदानं वेडा झाला. तासाभरानं पुन्हा फोन – आवाज खाली. "ताई, ती वरची ओळ तेवढी काढता यील का? पाव्हणेरावळे येतेत. लोकं काय काय बोलतेत. आज्जीलाबी कसं वाटंल."

दोन मिनिटांचं काम आहे. लग्नाच्या अल्बममधून मी आख्खे जावई काढलेत, सासूचे दागिने वाढवलेत. पण दगडाला हात लावायचा नाही. आणि ती ओळ काढली तर मुज्तबालाच काढल्यासारखं होईल. नाही म्हणाले. "मी स्वतः आणून देते. आज्जी बघतील आणि आज्जीच ठरवतील." तो नाराज झाला. होऊ दे.

९ फेब्रुवारी, रविवार

निलंगा. आठ बाय बाराचा प्रिंट, लॅमिनेशन करून. तीच ओसरी. या वेळी चहाला नको म्हणाले.

आधी माफी मागितली. "आज्जी, मी चुकीचं सांगितलं होतं. जाळलं नाही. माती दिली." मग फोटो मांडीवर ठेवला. आज्जींनी चष्मा पुसला. बोट दगडावरून खाली-वर फिरवत राहिल्या. शिवकुमार खांबाला टेकून उभा, माझ्याकडं बघत नव्हता.

"वर काय लिवलंय?"

"हुवल गफूर. म्हणजे, तो माफ करणारा."

"कोन?"

"वरचा."

"मंग बरोबरच हाय की," म्हणाल्या. शिवकुमारनं खाली मान घातली.

नंतर कागद वाचला. त्यांनी तीनदा वाचायला लावला आणि प्रत्येक वेळी मुज्तबाच्या नावाशी थांबवलं. "उदगीरचा? हितला उदगीरचा?" हो, म्हणाले, हितलाच. मग विचारलं, "बसवलं का निजवलं?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण चुकीचं सांगण्याचा भुर्दंड एकदा भरून झालाय. "निजवलं आज्जी. तिकडं सगळे निजवलेलेच आहेत."

निघताना त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली.

१० फेब्रुवारी, सोमवार

शिवकुमारचा मेसेज: आज्जी समाधीला गेली. फोटो संगं नेला.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज्जींच्या सांगण्यावरून उदगीरला जाऊन आले. तीन मोहल्ले, दोन मशिदी, एक जुना शिंपी. मुज्तबाला ओळखणारं कुणी नाही सापडलं. आज्जींना तसं कळवलं.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

काल शिवरात्रीला त्यांनी बोलावलं होतं. वाटलं, फोटो भिंतीवर लावायचा असेल. शिवकुमारनं शेतात नेलं. गंगम्माच्या समाधीशेजारी खड्डा, खोल आणि चौकोनी, त्यानं स्वतः खणलेला. आज्जींनी फोटोचं प्लास्टिक सोलून काढलं, विभूती लावली आणि खड्ड्यात फोटो उभा टेकवायला लावला. "तिथं निजवलं. हितं बसवू."

मग माझा हात धरून पुढं ओढलं. "तिथं मुज्तबानं माती दिली. त्याचं तर कुनी सापडलं न्हाई. पैली मूठ तू टाक."

टाकली.