चतुर्दशीचे बांगडे

सातारा,
ता. ९ फेब्रुवारी १९७७

तीर्थरूप दादास,
त्रिशलाचा साष्टांग नमस्कार.

आईचा गुडघा कसा आहे? चंदनबालेला मुलगी झाल्याचं कळलं, बरं वाटलं. पाकिटावर रत्नागिरीऐवजी साताऱ्याचा शिक्का पाहून माधवनगरला सगळे दचकाल. इथे शाळेत तात्पुरती नोकरी मिळाली आहे. अंबूबाई म्हणून एका फौजीच्या आईकडे खोली घेतली आहे. हवा चांगली आहे.

हवेचं पुरे. प्रयोगशाळेतून मला काढलं, दादा.

रत्नागिरीचे आणि मालवणचे बांगडे एकाच कुळातले की वेगळ्या, हे आम्ही शोधत होतो. माशाच्या मांसाचा अर्क खळीच्या थरात घालून वीज सोडायची, मग रंग दिला की पट्टे उमटतात. ते आईबापांकडून आलेले असतात. मालवणच्या माशांत एक पट्टा जास्त निघाला. दोन कुळं ठरली, माझ्या मार्गदर्शक सरांचा निबंध छापून आला, खाली माझंही नाव.

मला पाठवताना तू मंदिरात नियम घ्यायला लावला होतास, अष्टमी-चतुर्दशीला माशाला सुरी लावायची नाही. मालवणचा खोका दोन्ही वेळा नेमका चतुर्दशीला आला. मी त्यातले मासे बर्फात ठेवून दुसऱ्या दिवशी कापले. कारण सांगायची लाज वाटली, म्हणून वहीत आदल्या दिवसाचीच तारीख टाकली. तो पट्टा शिळ्या मांसाचा होता. यंदा ताजे मासे कापले, तर पट्टा नाही. कूळ एकच.

सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "वहीत तारीख बरोबर आहे. तसं लिहून खाली सही कर, प्रबंधही होईल." मी केली नाही. तीन वर्षं पाण्यात गेली.

अंबूबाई हे ऐकून म्हणाल्या, "आगं बाई, मासं मेलंच हुतं न्हवं? मग एक दिस ठिवून पुण्य कुनाला लागलं?" याचं उत्तर तू दे. चतुर्दशीला उसावर विषारी औषध मारताना तुझा हात थांबलेला मी कधी पाहिला नाही. नियम मात्र बहिणीला. राग येतो रे, फार येतो. आणि माझा स्वतःचा जास्त येतो, कारण मान मीच डोलावली होती.

घरी ये म्हणू नकोस. आईला सांग, लेकीनं नियम मोडला नाही. त्यापायी एकदा खोटं लिहिलं आणि दुसऱ्यांदा लिहिलं नाही म्हणून सगळं गेलं, हेही तिला सांग. तिच्यासमोर बसून, तुझ्या तोंडानं सांग.

तुझी, नियमाची पक्की,
त्रिशला