मेघाची स्लाइड

२ नोव्हेंबर २०२५, रविवार
बद्रीनाथ डॉक्टरांचा सत्कार! गारखेड्याच्या चौकात बॅनर लागलाय — 'तीस वर्षं मेंदूविकारांच्या रुग्णांची सेवा.' शाल पांघरलेला हसरा फोटो. मी रिक्षा थांबवून बघतच राहिले. रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, बैठना है के उतरना?"
याच माणसानं माझ्या बहिणीला नाटकी ठरवलं. पुढच्या रविवारी सत्कार, मग फिटांवर त्याचं भाषण. मी जाणार.

३ नोव्हेंबर
प्रणय म्हणतो, "मेघा जाऊन सहा वर्षं झाली. सोड ना आता." नवऱ्याला म्हणायला काय जातं!
चौदाव्या वर्षी तिच्या हाताला झटके यायला लागले. वरणाची वाटी उडायची. भिंतीवर उजेड दिसतो म्हणायची. आमचे वडील, अण्णा, तिला पाचोडहून बद्रीनाथ डॉक्टरांकडं घेऊन आले. घरी गेल्यावर सांगितलं — "डॉक्टर म्हणले, पोरगी नाटक करती. लक्ष देऊ नका."
आम्ही लक्ष दिलं नाही. तीन वर्षं! सगळ्यांनी तिला बोलून घेतलं. माहेरी गेले होते तेव्हा मी तर थोबाडीत मारली, भाताचं ताट फेकलं म्हणून. ती एवढंच म्हणाली, "ताई, मी नाय केलं. हातानं केलं."

५ नोव्हेंबर
आज परत लाफोरा वाचला. माद्रिदचा माणूस. वेड्यांच्या दवाखान्यातला डॉक्टर, पण नुसतं रुग्णाचं बोलणं ऐकून थांबायचा नाही. मेलेल्याच्या मेंदूचे काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. १९११ साली अमेरिकेत असाच एक मुलगा गेला — झटके, फिटा, शेवटी भ्रम. लाफोरानं त्याचा मेंदू बघितला, तर पेशीपेशीत गोल कण! म्हणजे नाटक नव्हतं. त्या आजाराला आता त्याचंच नाव आहे. पुढं यादवी युद्धात देश सोडून मेक्सिकोला जावं लागलं त्याला. म्हातारपणी परतला.
त्या मुलाला निदान मेल्यावर तरी कुणीतरी खरं मानलं.
मेघाच्या काखेतल्या कातडीचा तुकडा दुसऱ्या डॉक्टरांनी २०१८ ला तपासायला पाठवला, तो मी काम करते त्याच लॅबमध्ये आला. काप मीच कापले. काचेच्या स्लाइडवर रंगही मीच दिला. घामाच्या ग्रंथीत तेच कण — गडद गुलाबी, गोल. लॅबच्या डॉक्टर मॅडमनी रिपोर्टवर सही केली, तेव्हा मेघाला माझं नावसुद्धा आठवत नव्हतं.

७ नोव्हेंबर
सूक्ष्मदर्शकातून मेघाच्या स्लाइडचा फोटो काढला. मोबाइलमध्ये ठेवलाय. सगळ्यांसमोर दाखवणार. शाल अंगावर असतानाच!

९ नोव्हेंबर
गेले. भाषण झालं. "कुणाला काही विचारायचंय?" मी माईक घेतला.
"सर, २०१५ साली पाचोडची पंधरा वर्षांची मुलगी तुमच्याकडं आली होती. तिला तुम्ही नाटकी म्हणालात. हे बघा, तिच्या कातडीतले लाफोराचे कण."
सगळ्या माना माझ्याकडं वळल्या! काय बरं वाटलं! सात वर्षं याच क्षणाची वाट बघितली.
त्यांनी चष्मा काढला. "साहेबरावांची मुलगी का तुम्ही? मी असं म्हणालो नव्हतो. उद्या दवाखान्यात या. केसपेपर शोधून ठेवतो."
लोकांसमोर सारवासारव! बघतेच उद्या.

१० नोव्हेंबर
पिवळा पडलेला कागद. १२ एप्रिल २०१५. त्यांच्याच अक्षरात — लाफोराचा आजार असावा. काखेतली कातडी तपासावी. आनुवंशिक असू शकतो. पुढं झटक्यांच्या औषधांची नावं.
खाली मराठीत — 'सर्व समजले. तपासणी करायची नाही.' सही, साहेबराव.
अण्णांची सही. मी लगेच ओळखली.
डॉक्टर म्हणाले, "दोनदा निरोप पाठवला. मग मीही सोडून दिलं. ते माझं चुकलं." काल हॉलमध्ये काय काय बोलले मी!
मेघा बरी झाली नसती, माहितीय मला. पण झटके कमी झाले असते. बोलणी खाल्ली नसती. माझी थोबाडीत खाल्ली नसती.
आणि आम्हाला सांगितलं काय — नाटक!
उद्या पाचोड. अण्णांना सोडणार नाही.

११ नोव्हेंबर
कागद पुढं धरला. अण्णांनी आपल्या सहीवर बोट टेकवलं.
"त्याच आठवड्यात प्रणयच्या घरचे तुला बघून गेले व्हते. घराण्यात आजार हाय म्हणलं असतं, तर तुझं जमलं असतं का? मग लगीन झाल्यावर तुझ्या सासरी कळंल म्हणून…"
मी ओरडले, "अन् मेघा? तिला काय सांगितलंत?"
"तिला समदं माहीत व्हतं. तीच म्हणली — ताईचं होऊ द्या आधी."