येडशीला उतरलेली बाई

प्रिय अण्णा,

मागच्या पत्रात मी चुकीचं लिहिलं. तुम्ही गेलात तेव्हा अर्धी राहिलेली तुमची गोष्ट मी पूर्ण केली, असं म्हटलं होतं. मी नाही केली. मोबाइलमधल्या एआयनं केली. तुमच्या जुन्या गोष्टींचे फोटो त्याला दिले, आणि चहा उकळेपर्यंत येडशी स्टेशनावर एकटी उतरलेली तुमची ती बाई घरी पोचलीसुद्धा. नवरा धावत आला, दोघं रडली. शब्द अगदी तुमचे. मलाही वेगळे ओळखू आले नाहीत. तेव्हापासून तुमच्या गोष्टी वाचताना मला काही वाटेनासंच झालंय.

शाळेआधी तुम्ही मला अक्षरं शिकवलीत ती वाचनालयाच्या रजिस्टरावर. पुस्तकाचं नाव चुकलं तर चालेल, लेखकाचं चुकू नये, म्हणायचात. त्याच रजिस्टरात मी या गोष्टीपुढं तुमचं नाव लिहिलं. गेल्या गुरुवारी वाचनालयात जमलेल्या सगळ्यांना वाचून दाखवली. अण्णाच बोलल्यासारखं वाटलं, म्हणाले लोक.

दर गुरुवारी तुम्ही गोष्ट मुद्दाम अर्धी सोडायचात. पुढच्या गुरुवारी ऐकणाऱ्यांनी शेवट सांगायचा आणि त्यातला एक तुम्ही वहीत उतरवायचा. हे मला माहीत होतं ना? मग तुमची वही बघून मला ती गोष्ट अपुरी का वाटली?

काल शेवंतामावशी दळण घेऊन जाताना दारात थांबल्या. त्यांना वाचता येत नाही, पण एकही गुरुवार त्यांनी चुकवलेला नाही.

"दवाखान्यात जायच्या आदल्या दिशी अण्णा मला म्हन्ले व्हते, शेवंता, ह्या बाईचं काय करायचं ते तू सांग. म्या वरीसभर ध्यानात धरून ठिवलं. पर त्यांनीच लिवलंय म्हनल्यावर माझं कशाला, पोरी?" मग जाता जाता म्हणाल्या, "अण्णांच्या गोष्टीतला नवरा एवढ्या लौकर पळत यील, असं वाटलं न्हवतं मला."

मी नुसती मान हलवली, अण्णा.

तुम्ही तरी वहीत एक ओळ लिहून ठेवायची. शेवंताला विचारायचं, एवढीच.

आज मंगळवार. परवा पाच वाजता, सगळ्यांसमोर, रजिस्टरातलं तुमचं नाव मी खोडीन आणि ती गोष्ट कुणी संपवली ते सांगीन. मग तुमची वही घेऊन मावशींपुढं बसेन. त्या आल्या नाहीत, तर त्यांच्या घरी जाईन. पण गुरुवारीच.

तुमची,
पल्लवी