पाच जणींतून चौघी

कॉलेज वसतिगृह,
दि. २९ मार्च २००३

ती. एर्विनमामा यांस,
स. न. वि. वि.

तुम्ही बांधून पाठवलेली सायकलची दोन्ही चाकं गुरुवारी पोचली. खोक्यात मामीनं बीटच्या रसात मुरवलेल्या अंड्यांची बरणी ठेवली होती, तीही न फुटता आली. आमच्या संघातल्या पॉलानं चाक फिरवून पाहिलं आणि विचारलं, की हे कुठल्या यंत्रावर केलंय. मी सांगितलं, की माझ्या मामाच्या पंथात घरात वीजच घेत नाहीत. तिला ते खोटं वाटलं. मामीला सांगा, शर्यतीच्या विजारीला कापड कमी पडलेलं नाही, ती तेवढीच असते.

चौघींनी मिळून एक शर्यत कशी करायची, असं तुम्ही विचारलं होतं. चौघी एकामागोमाग निघतात. पुढची वारा अंगावर घेते, बाकीच्या तिच्या चाकाला चिकटून राहतात. ती दमली की बाजूला होऊन शेवटी जाते आणि दुसरी पुढे येते. तिसरीचं चाक रेषेवर आलं की घड्याळ थांबतं. म्हणजे एक मागे पडली तर चालतं, दोघी पडल्या तर संपलं. १२ एप्रिलला आमच्या विभागाची शर्यत आहे. तिच्यात पहिल्या तीन संघांत आलो तर मे महिन्यात विस्कॉन्सिनला राष्ट्रीय स्पर्धा.

अडचण अशी, की आम्ही पाच जणी आहोत. आमच्याकडे पगारी प्रशिक्षक नाही. कोण जाणार हे कर्णधारानं ठरवायचं असतं, आणि यंदा कर्णधार मी आहे. इंग्रिड सगळ्यांत जोरकस. पॉला, टेरीसा आणि मी जवळजवळ सारख्या. कोरिन मागे पडते. पण हा संघ तीन वर्षांपूर्वी कोरिननंच उभा केला. दुसरीच्या चाकाला चिकटून कसं जायचं हे तिनंच मला शिकवलं. व्हॅन ती चालवते, आमची खोली एक आहे, आणि मे अखेरीस पदवी घेऊन ती निघून जाईल. यंदा नाही तर तिला पुन्हा संधी नाही. मी रोज ठरवते, की आज सांगायचं, आणि रोज तिच्याबरोबर जेवून परत येते.

तुमच्या धर्ममंडळीत माणसं निवडताना भांडणं होत नाहीत, असं आई म्हणते. पण मोठेपणी होणाऱ्या बाप्तिस्म्याआधीच ती तिकडून निघाली, त्यामुळे तिला नीट सांगता येत नाही. तुम्ही कसं करता ते लिहा. मामीला नमस्कार. मी पत्रं उशिरा लिहिते म्हणून तुमचा लोभ उशिरा येऊ नये.

तुमची भाची,
मार्लिस

लाग्रेंज, इंडियाना,
दि. ४ एप्रिल २००३

चि. मार्लिस हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र बुधवारी मिळालं. इथे बर्फ गेलं आणि कारखान्यात जाणारे सगळे आपापल्या सायकली दुरुस्तीला घेऊन एकाच सकाळी माझ्या दुकानाच्या दारात आले. प्रत्येकाला संध्याकाळच्या आत हवी. शेजारचा लव्हर्न, वासरं पाळतो तो, मी तुझी चाकं बांधत होतो तेव्हा बघून गेला. म्हणाला, एवढ्या बारीक चाकावर बसणारा माणूस घरून भांडूनच निघालेला असणार. त्याला दुसरी मुलगी झाली. तो अठ्ठावीस वर्षांचा आहे आणि अजून स्वतःच लहान दिसतो.

आमचा एक उपदेशक हिवाळ्यात वारला. त्याच्या जागी २७ तारखेला नवा निवडायचा आहे. तू विचारलंस म्हणून लिहितो. ज्यांची नावं येतात ते पुरुष एका बाकावर बसतात. समोर मेजावर तितकीच गाण्यांची पुस्तकं असतात, सगळी एकसारखी, दोरीनं बांधलेली. एकाच पुस्तकात चिठ्ठी असते. प्रत्येक जण एक पुस्तक उचलतो. मंडळीचे प्रमुख, बिशप, एकेकाची दोरी सोडून पाहतात. ज्याच्या पुस्तकात चिठ्ठी निघेल तो त्या दिवसापासून मरेपर्यंत उपदेशक. पगार नाही, शिकवणी नाही, आणि नाही म्हणायची सोय नाही. मी हे तीनदा पाहिलं आहे. त्या वेळी शंभर माणसांच्या खोलीत बाहेरच्या घोड्यांचे खूर ऐकू येतात. कुणाला कुणी निवडलं, हा प्रश्नच राहत नाही. माणूस हात मागे घेतो आणि देव आपला हात पुढे करतो, असं मला वाटतं.

माझं नाव त्यात येऊ नये अशी माझी इच्छा आहे. अशी इच्छा धरू नये हेही मला कळतं. चार गिऱ्हाइकांसमोर माझी जीभ अडखळते, मंडळीसमोर काय होईल?

कोरिनबद्दल मी काय सांगू? मी तिला पाहिलेलं नाही. चाकांचे स्पोक शंभर मैलांनंतर एकदा तपास. तुझी ओर्फामामी म्हणते, विजारीबद्दल तिचं मत बदललेलं नाही. रोजच्या प्रार्थनेत तू असतेस, आमचीही आठवण राहू दे.

तुझा,
एर्विनमामा

कॉलेज वसतिगृह,
दि. १४ एप्रिल २००३

ती. मामा यांस,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र अगदी वेळेवर आलं. मी ते दोनदा वाचलं आणि शर्यतीच्या आदल्या दिवशी तुमच्यासारखंच केलं. आमच्याकडे एकसारखी गाण्यांची पुस्तकं नाहीत, पण संघाच्या पाण्याच्या बाटल्या आहेत, पांढऱ्या, आतलं न दिसणाऱ्या. पाच बाटल्या धुतल्या, एकीत चिठ्ठी टाकली, सगळ्यांनी एकेक उचलली. चिठ्ठी जिच्याकडे ती बाहेर, असं ठरलं होतं.

चिठ्ठी इंग्रिडच्या बाटलीत निघाली. तिनं ती उलगडली, हुंगली, आणि म्हणाली, की मार्लिस, बाटली नीट धुतलेली नाहीस, चिठ्ठीला अजून लिंबाच्या सरबताचा वास येतोय. एवढंच. दुसऱ्या दिवशी आम्ही सुटताना तिनं मागून आमच्या सायकली धरल्या.

नवव्या मैलाला समोरून वारा लागला आणि कोरिन मागे पडली. मग आम्हां तिघींना एकत्रच पोचणं भाग होतं. टेरीसाच्या पोटरीत गोळा आला, तिच्यासाठी वेग कमी करावा लागला. आम्ही तिसऱ्या आलो. चौथ्या संघापेक्षा सहा सेकंदांनी पुढे. विस्कॉन्सिनला जायचं नक्की झालं.

परतताना व्हॅनमध्ये सगळ्या खुशीत होत्या. कोरिन म्हणाली, कुणाचं मन मोडलं नाही, हेच बरं झालं, राष्ट्रीय स्पर्धेलाही बाटल्याच काढू. पॉला म्हणाली, बाटल्यांना सांगून ठेवा, या वेळी इंग्रिडला सोडा. सगळ्या हसल्या. इंग्रिड खिडकीतून बाहेर बघत होती. मीही हसले. तुम्ही लिहिलं तसं झालं, मामा, कुणाला कुणी वगळलं हा प्रश्न राहिला नाही. पण तुमच्या खोलीत होते तशी शांतता आमच्याकडे झाली नाही, आणि मला परत आल्यापासून बरं वाटत नाहीये. ते का, हे तुम्हाला कळलं तर लिहा.

२७ तारखेला तुमची आठवण काढीन. मामीला सांगा, अंडी इंग्रिडला सर्वांत जास्त आवडली. तुमच्या लोभाची मला एरवीपेक्षा जास्त गरज आहे.

तुमची,
मार्लिस

लाग्रेंज,
दि. २९ एप्रिल २००३

चि. मार्लिस हिस,
अनेक आशीर्वाद.

रविवार होऊन गेला. आधी तेच लिहितो.

माझं नाव आलं. आम्ही सहा जण बाकावर बसलो. मी मधलं पुस्तक घ्यायचं मनात ठरवलं होतं, ते माझ्या आधीच्यानं घेतलं, म्हणून मी कडेचं घेतलं. बिशपनी ते सोडलं, पानं चाळली आणि मिटून परत दिलं. चिठ्ठी लव्हर्नच्या पुस्तकात निघाली. त्याची बायको धाकटीला मांडीवर घेऊन बसली होती. तिनं मुलीच्या टोपीत तोंड लपवलं. आमच्यात अशा वेळी कुणी अभिनंदन करत नाही. माणसं त्याच्याजवळ जाऊन नुसती उभी राहतात. मीही राहिलो. मग घोडा जुंपायला गेलो तर माझी बोटं इतकी हलकी झाली होती, की पट्टा सापडेना. सुटलो, असं मनात आलं. ते आलं म्हणून घरी येईपर्यंत ओर्फाशी बोललो नाही.

आता तुझं. तुझं पत्र वाचून मला माझी चूक दिसली. मी तुला अर्धीच गोष्ट लिहिली होती. पुस्तकं शेवटी येतात. त्याच्या आधी मंडळीतला प्रत्येक जण, बायका आणि पुरुष, एकेक करून एका दारापाशी जातो. आत एक उपदेशक कान लावून बसलेला असतो. त्याला आपल्या तोंडानं एक नाव सांगायचं असतं. हा माणूस योग्य आहे, असं मला वाटतं, एवढाच त्याचा अर्थ. तीन जणांनी ज्याचं नाव घेतलं तोच बाकावर बसतो. म्हणजे निवडीचं काम आम्ही आधी करतो, मार्लिस. नाव घेतल्यावर माणसाच्या हाताबाहेरचं जे उरतं तेवढंच देवावर सोडतो. मला ते दार लिहायला नको वाटलं असेल. पुस्तकांचं लिहिणं सोपं होतं.

तू दाराशी गेलीच नाहीस. थेट बाटल्या मांडल्यास. तुला नाव माहीत होतं. ज्याला माहीत नाही त्यानं चिठ्ठी टाकावी.

हे मी वरून बोलत नाही. रविवारी मीही दारापाशी गेलो आणि एक नाव घेतलं. कुणाचं ते सांगायचं नसतं. सोमवारी सकाळी लव्हर्नकडे जाऊन त्याच्या वासरांना चारा घालून आलो. आजही गेलो. तो म्हणाला, एर्विन, तुझ्या दुकानात गिऱ्हाइकं खोळंबली असतील. मी म्हटलं, खोळंबू देत. काही महिने तरी जात राहीन.

कोरिन रागावेल. तो राग तुझ्या वाट्याचा आहे, तो बाटलीला देऊ नकोस. ओर्फाचे आशीर्वाद. तुझ्यावरचा लोभ रागीट पत्रातही असतो, हे ध्यानात ठेव.

तुझा,
एर्विनमामा

मॅडिसन, विस्कॉन्सिन,
दि. १७ मे २००३

ती. मामा यांस,
स. न. वि. वि.

व्हॅनच्या पायरीवर बसून लिहिते आहे. सगळ्या सामान भरताहेत, त्याच्या आत पत्र टपालपेटीत टाकायचं आहे.

तुमचं पत्र मी आठवडाभर दप्तरात घेऊन फिरले. ७ तारखेला सायकलींच्या खोलीत आम्ही पाचही जणी साखळ्या पुसत होतो. कोरिननं बाटल्या आणल्या होत्या, धुऊन, पाचही. मी म्हटलं, की बाटल्या नकोत. इंग्रिड, पॉला, टेरीसा आणि मी जाणार. कोरिन, तू नाहीस. वारा समोरून असला की तू नऊ मैलांच्या पुढे टिकत नाहीस, आणि अंतर एकोणीस मैलांचं आहे.

कोरिननं विचारलं, हे तुला कधीपासून वाटतं? मी म्हटलं, फेब्रुवारीपासून. ती म्हणाली, म्हणजे एप्रिलमध्ये तोंडात माझं नाव धरून तू मला बाटली उचलायला लावलीस. मी शर्यतीत मागे पडले तेव्हा मला वाटलं, नशिबानं घेतलं आणि मी घालवलं. ते नशीब नव्हतं, तू गप्प होतीस. मग म्हणाली, मलाही फेब्रुवारीपासून माहीत होतं, आणि मी रोज जेवताना तुझ्या तोंडाकडे बघत होते. मग हातातलं फडकं बादलीत टाकून निघून गेली. दोन दिवस ती खोलीवर आली नाही, टेरीसाकडे झोपली. इंग्रिड मला म्हणाली, की माझी चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे, पाहिजे तर देते. तेही मला लागलं आणि लागायलाच हवं होतं.

कोरिन येणार नाही असं मी धरून चालले होते. निघायच्या दिवशी ती व्हॅनमध्ये चालकाच्या जागेवर बसलेली. इथपर्यंत साडेपाच तास तिनंच चालवलं. माझ्याशी बोलली नाही. मी शेजारी बसले होते, तरी मागे बसलेल्या पॉलाला म्हणाली, पॉला, कर्णधारबाईंना सांग, पाय काचेपासून खाली घ्या. पॉलानं ते मला सांगितलं. मी पाय खाली घेतले.

काल सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी आम्ही सुटलो. सुटताना मागून कुणीतरी सायकलचं खोगीर धरावं लागतं, म्हणजे दोन्ही पाय आधीच पेडलमध्ये अडकवता येतात. इंग्रिडचं, पॉलाचं, टेरीसाचं इतर संघांतल्या मुली धरणार होत्या. माझ्या मागे कोण आलं ते मला दिसलं नाही. मग कानाशी कोरिनचा आवाज आला, की पहिल्या मैलात नेहमीसारखी उतावळी होऊन पुढे पळालीस, तर मीही सगळ्यांसमोर तुझं नाव घेईन. पंच दहा, नऊ, आठ मोजत होता. तिचा हात खोगिराला घट्ट होता. मी पहिल्या मैलात उतावळी झाले नाही. नवव्या मैलाला वारा समोरून आला, इंग्रिड पुढे झाली आणि आम्ही तिघी तिच्या मागे राहिलो. तेव्हा मला वाटलं, की आता यातलं काहीही झालं तरी ते आमचं आहे.

रात्री मी आणि कोरिन एकत्र जेवलो. तिनं मीठ मागितलं, ते मलाच मागितलं.

व्हॅनचा भोंगा वाजतोय. मामीला नमस्कार, लव्हर्नच्या वासरांनाही. अर्धीच गोष्ट लिहिल्याचं मनावर घेऊ नका, उरलेली अर्धी वेळेत पोचली. इतक्यावरही लोभ टिकला आहे असं धरून चालते.

तुमची,
मार्लिस

लाग्रेंज,
दि. २३ मे २००३

चि. मार्लिस हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मंगळवारी आलं. दुकान बंद करून मी ते ओर्फाला वाचून दाखवलं. मिठाच्या जागी ती हसली आणि म्हणाली, आता सगळं ठीक होईल. कोरिन या बाजूनं जाणार असेल तर तिला जेवायला यायला सांग. व्हॅन लावायला अंगण मोठं आहे.

लव्हर्न गेल्या रविवारी पहिल्यांदा बोलला. पंधरा मिनिटं, सगळा वेळ जमिनीकडे बघून. दोनदा थांबला. नंतर मला म्हणाला, की मला काहीच सुचलं नाही. मी म्हटलं, मला ऐकू आलं. वासरांकडे जाणं चालू आहे. एक तांबडं वासरू आता मला ओळखून बाहीचं कापड चघळतं.

वाचून झाल्यावर ओर्फानं पत्र माझ्या हातातून घेतलं, पानं उलटसुलट केली, पाकिटातही बोट घालून पाहिलं. मी विचारलं, काय शोधतेस. ती म्हणाली, खोगीर कुणी धरलं, मीठ कुणी मागितलं, सगळं आहे, पण मुली कितव्या आल्या ते कुठे आहे. तिनं विचारेपर्यंत माझ्याही ते लक्षात आलं नव्हतं.

ती म्हणते, विचारा. म्हणून विचारतो. सवडीनं कळव. लोभ निकालावर नाही.

तुझा,
एर्विनमामा